बारगिराचे चरित्र : एडगर ब्रिट, महालक्ष्मीचे मैदान आणि 'सयाजीराव' नावाचा घोडा

मराठ्यांच्या लष्करी परिभाषेत घोडेस्वारांचे दोन वर्ग होते, हे आपण शालेय इतिहासापासून वाचत आलो आहोत. स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार. सरकारी पागेतला घोडा ज्याच्या मांडीखाली दिला जाई तो बारगीर. पुढे मराठी भाषेने या दोघांना सारखी वागणूक दिली नाही. 'शिलेदार' हा शब्द गौरवाचा झाला. कादंबऱ्यांच्या शीर्षकांत, सत्कारसमारंभांच्या भाषणांत तो आजही मानाने वावरतो. 'बारगीर' मात्र आडनावात आणि शब्दकोशात उरला. वस्तुतः शिवकाळात पागेचे महत्त्व शिलेदारांपेक्षा अधिक होते. तरीही भाषेची स्मृती मालकीच्या बाजूने झुकली. घोडा ज्याचा, नाव त्याचे. बंगालात अठराव्या शतकातल्या स्वाऱ्यांमुळे 'बर्गी' हा शब्द अंगाईगीतांपर्यंत पोचला, पण तोही भीतीचा शब्द म्हणून. त्यात माणसे नाहीत, केवळ टापा आहेत.

हा भेद आम्हांला एका अगदी निराळ्या विषयाच्या संदर्भात उपयोगी वाटतो. तो विषय म्हणजे शर्यतीच्या घोड्यावर बसणारा व्यावसायिक स्वार, अर्थात जॉकी. जॉकी हा आधुनिक काळातला बारगीर होय. घोडा त्याचा नसतो, तो घडवणारा प्रशिक्षक निराळा असतो, आणि बक्षिसाचा करंडक मालकाच्या हाती जातो. जॉकीच्या वाट्याला येतात ती अडीच-तीन मिनिटे. त्या मिनिटांत मालकाचा पैसा, प्रशिक्षकाचे वर्षभराचे श्रम आणि घोड्याचे कूळ यांचा निकाल त्याच्या हातांत असतो. अशा माणसाचे चरित्र कसे लिहावे, आणि मराठी इतिहासलेखनात त्याला जागा कुठे, हा या लेखाचा प्रश्न आहे. त्यासाठी आम्ही एडगर ब्रिट या ऑस्ट्रेलियन जॉकीची कारकीर्द घेतली आहे. परकीय माणूस निवडण्याचे कारण असे की, त्याच्या आयुष्यातली कळीची वर्षे मुंबई आणि बडोदा या आपल्या परिसराशी बांधलेली आहेत. शिवाय त्याच्या सर्वांत गाजलेल्या विजयाचे नाव मराठी वाचकाला चांगलेच परिचयाचे आहे.

प्रथम शब्दांचा विचार करू. घोड्याविषयी मराठीचा कोश संपन्न आहे. पागा, मोतद्दार, खरारा, लगाम, रिकीब, खोगीर. रंगांवरून अबलख, कुमाईत, पंचकल्याणी. घोडा वळणावर आणणारा चाबुकस्वार. तापीकाठच्या सारंगखेड्याला एकमुखी दत्ताच्या यात्रेत भरणाऱ्या घोडेबाजारात यांतले कितीतरी शब्द अजून सहज कानी पडतात. आम्हा खानदेशातल्या माणसांना घोडा केवळ ग्रंथातून भेटलेला नाही. असे असूनही 'जॉकी'ला मराठीत प्रतिशब्द रुळला नाही. 'स्वार' म्हणावे तर अर्थ फार व्यापक होतो, आणि 'चाबुकस्वार' म्हणावे तर ते काम वेगळे. याचे कारण भाषेच्या दारिद्र्यात नसून व्यवस्थेच्या नवेपणात आहे. मालक, प्रशिक्षक आणि स्वार असे एकाच घोड्यामागचे तीन स्वतंत्र पेशे, प्रत्येकाचा परवाना, प्रत्येकाच्या मेहनतान्याचा हिशेब, वजनाच्या तराजूवरची तपासणी आणि छापील नियम ही सारी रचना इंग्रजी टर्फ क्लबांबरोबर इकडे आली. शब्दही तिच्याबरोबरच आला.

या पेशाचा व्यवहार थोडक्यात असा : जॉकीला प्रत्येक स्वारीचे ठरीव शुल्क मिळते, आणि घोडा जिंकला तर बक्षिसाच्या रकमेत वाटा. नावाजलेल्या जॉकीला एखादा मालक किंवा तबेला वर्षाची रक्कम देऊन बांधून घेतो. मग त्याच्या स्वारीवर पहिला हक्क त्या मालकाचा. ही आधुनिक बारगिरीच आहे. फरक इतकाच की, हा बारगीर समुद्रापलीकडून बोलावता येतो.

जॉकीच्या या देशोदेशीच्या भ्रमंतीला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकनांनी वेग दिला. टॉड स्लोन हा अमेरिकन जॉकी इंग्लंडात गेला तेव्हा तिथले स्वार लांब रिकिबीत पाय सोडून ताठ बसत. स्लोन रिकिबी आखूड करून घोड्याच्या मानेवर ओणवा होई. प्रेक्षक त्याला माकडाची उपमा देऊन हसले. पण त्याचे घोडे जिंकू लागल्यावर काही वर्षांतच हसणाऱ्यांच्या देशाने ती बैठक उचलली. आज महालक्ष्मीपासून मेलबर्नपर्यंत सगळीकडे दिसते ती हीच बैठक, थोड्याफार फरकाने.

दुसरे उदाहरण जिमी विंकफील्डचे. या कृष्णवर्णीय अमेरिकन जॉकीने १९०१ आणि १९०२ अशी लागोपाठ दोन वर्षे केंटकी डर्बी जिंकली. त्यानंतर वर्णद्वेषामुळे मायदेशी स्वाऱ्या मिळणे कठीण होत गेले, आणि १९०४ मध्ये तो रशियाला गेला. तिथे त्याने वैभव पाहिले. क्रांतीनंतर १९१९ मध्ये ओडेसाहून दोनशेहून अधिक घोडे घेऊन वॉर्सापर्यंत गेलेल्या तांड्यात तो होता. पुढे फ्रान्समध्ये स्थिरावून तो प्रशिक्षक झाला. १९६१ मध्ये लुईव्हिल येथे डर्बीनिमित्तच्या मेजवानीचे निमंत्रण घेऊन तो आला, तेव्हा हॉटेलच्या पुढच्या दारातून त्याला आत घेण्यास नकार मिळाला. ज्या शर्यतीच्या नावाने मेजवानी होती ती त्याने दोनदा जिंकलेली होती. बारगिराला घोडा देणारे जग त्याला दार देईलच असे नाही, हे विंकफील्डच्या आयुष्याइतके स्पष्टपणे क्वचितच दिसते.

ब्रिटची वाट त्या मानाने सुकर होती. ती का सुकर होती, हेही पाहायला हवे.

एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रेलियातून हिंदुस्थानी सैन्यासाठी हजारो घोडे जहाजांनी येत. न्यू साउथ वेल्सवरून त्यांना 'वेलर' हे नाव पडले. घोड्यांपाठोपाठ घोडे जाणणारी माणसेही आली, आणि सिडनी-मुंबई-कलकत्ता ही एक सरावाची वाट झाली. मुंबईच्या शर्यती आधी भायखळ्याला होत. १८८३ मध्ये महालक्ष्मीचे मैदान उभे राहिले, तेही मेलबर्नच्या कॉलफील्ड मैदानाच्या धर्तीवर. पुण्याचे मैदान त्याहून जुने, १८३० चे. पावसाळ्यात पुणे आणि हिवाळ्यात मुंबई असा हंगामांचा क्रम बसला. ऑस्ट्रेलियन जॉकीला या मैदानांवर फारसे परकेपण वाटण्याचे कारण नव्हते. एकाच साम्राज्याची, एकाच नियमावलीची ती दोन टोके होती.

एडगर ब्रिटचा जन्म १९१३ चा. तो सिडनीत उमेदवारी करून वर आला. १९३३ मध्ये 'विनूका' हा ऑस्ट्रेलियाचा वेगवान घोडा शर्यतींसाठी अमेरिकेला नेण्यात आला, तेव्हा त्याच्यावर बसण्यासाठी विशीच्या ब्रिटची निवड झाली. त्यानंतर तिसाच्या दशकातच तो हिंदुस्थानात आला आणि संस्थानिकांचे घोडे धाववू लागला. संस्थानिकांचा शर्यतींतला रस तेव्हा ऐन भरात होता. आमच्या सातपुड्यापलीकडचे नर्मदाकाठचे राजपीपळा संस्थान मोठे नव्हे. पण त्याचे महाराज विजयसिंहजी यांच्या 'विंडसर लॅड'ने १९३४ ची एप्सम डर्बी जिंकली होती. स्वार होता चार्ली स्मर्क हा इंग्रज जॉकी. डर्बी जिंकणारे महाराज म्हणून विजयसिंहजींचे नाव अजून घेतले जाते. स्मर्कचे नाव राजपीपळ्यात किती जणांना ठाऊक असेल, ही शंकाच आहे.

या काळाकडे सावद्याहून पाहताना एक दुसरे चित्र समोर येते. डिसेंबर १९३६ मध्ये येथून अगदी जवळ, फैजपूरला, काँग्रेसचे अधिवेशन भरले. पंडित नेहरू अध्यक्ष होते, आणि खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन. शेतसारा, कर्ज, कसणाऱ्याचे हक्क हे तिथले विषय. संस्थानिकांच्या घोड्यांचा तबेला आणि फैजपूरचा बांबू-चटयांचा मंडप हे एकाच दशकातले दोन हिंदुस्थान. पहिल्याविषयी लिहिताना दुसऱ्याचा विसर पडला तर इतिहासलेखन रेसबुकाची पुरवणी होऊन जाईल. आणि दुसऱ्याच्या आदरापोटी पहिले वगळले, तर संस्थानी पैसा कोठून येत होता आणि कोठे जात होता, हा प्रश्नच विचारायचा राहून जाईल.

दुसऱ्या महायुद्धात समुद्रमार्ग धोक्याचे झाले आणि बाहेरून घोडे आणणे अवघड होऊन बसले. याच काळात हिंदुस्थानात पैदा झालेल्या घोड्यांसाठी क्लासिक शर्यतींची मालिका आकाराला आली. तिच्यातली प्रमुख म्हणजे इंडियन डर्बी. ती पहिल्यांदा १९४३ मध्ये महालक्ष्मीला धावली. विजेती ठरली बडोद्याच्या महाराजांची घोडी 'प्रिन्सेस ब्युटिफुल', आणि तिच्यावर स्वार होता एडगर ब्रिट. नंदुरबारला शिरीषकुमार आणि त्याचे सवंगडी गोळीबारात पडले ते सप्टेंबर १९४२ मध्ये. त्यानंतर थोड्याच महिन्यांनी ही शर्यत झाली. दोन घटनांचा परस्परांशी कार्यकारणसंबंध नाही. पण भारतीय घोडेशर्यतीच्या परंपरेचा आरंभबिंदू कोणत्या वातावरणात पडतो, हे ध्यानात ठेवलेले बरे.

बडोद्याचे हे महाराज म्हणजे प्रतापसिंहराव गायकवाड. सयाजीराव तिसरे यांचे ते नातू, १९३९ मध्ये गादीवर आलेले. त्यांना मुंबई आणि पुणे अपुरे वाटू लागले. १९४५ मध्ये त्यांनी इंग्लंडात एक वर्षाचे शिंगरू २८,००० गिनींना विकत घेतले. गिनी म्हणजे एकवीस शिलिंग. तेव्हाच्या दराने ही रक्कम सुमारे तीन लाख ब्याण्णव हजार रुपये होते. एवढ्या वयाच्या घोड्यासाठी तो उच्चांक होता, आणि तो पुढे वीसएक वर्षे टिकला. किंमतीमागे कारण होते. हे शिंगरू 'निअर्को' आणि 'रोझी लेजंड' यांचे अपत्य, आणि त्याच वर्षीची डर्बी जिंकणाऱ्या 'डान्टे'चा सख्खा भाऊ. न्यूमार्केटचा 'वॉरन प्लेस' हा तबेलाही महाराजांनी घेतला आणि सॅम आर्मस्ट्राँग या प्रशिक्षकाच्या हाती सोपवला. युद्धानंतर ब्रिटही इंग्लंडात दाखल झाला. शिंगराला महाराजांनी आपल्या आजोबांचे नाव दिले : सयाजीराव.

१९४७ च्या हंगामात 'सयाजीराव' टू थाउजंड गिनीज शर्यतीत तिसरा आला, एप्समच्या डर्बीतही तिसरा. मग ब्रिटने त्याच्यावर आयरिश डर्बी जिंकली. सप्टेंबरात डॉनकास्टरला सेंट लेजर होती. १७७६ पासून चालत आलेली ही इंग्लंडची सर्वांत जुनी क्लासिक शर्यत अंतराने पावणेदोन मैलांहून जास्त, म्हणजे वेगापेक्षा दमाची परीक्षा घेणारी. तीत 'सयाजीराव'ने 'आर्बार' या घोड्याला केवळ एका मुंडीच्या अंतराने मागे टाकले. एवढ्या लांब शर्यतीत मुंडीभर अंतराचा विजय बव्हंशी स्वाराचा असतो. घोड्याचा दम कोठवर राखायचा, कोठे सोडायचा, शेवटच्या दोनशे यार्डांत चाबूक किती वापरायचा, हे त्यालाच ठरवायचे असते. पण इतिहासाच्या रकान्यात विजेता म्हणून जे नाव छापले गेले ते 'सयाजीराव'. हिंदुस्थान स्वतंत्र होऊन महिनाही उलटला नव्हता.

येथे थोडे थांबले पाहिजे. ज्यांचे नाव घोड्याला दिले ते सयाजीराव जन्माने कोण होते? मालेगावजवळच्या कवळाण्याचे गोपाळराव, शेतकरी घरातले, ज्यांना १८७५ मध्ये महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतले. कवळाणे आमच्या खानदेशाच्या उंबऱ्यावरचे गाव. सक्तीचे प्राथमिक शिक्षण, ग्रंथालयांचे जाळे, मराठी आणि गुजराती ग्रंथनिर्मितीला आश्रय, तरुण भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी शिष्यवृत्ती ही त्यांची पुण्याई. साहित्याचा प्रत्येक विद्यार्थी त्यांच्या ऋणात आहे. त्यांच्या नातवाने ते नाव एका घोड्याला द्यावे, यात अपमान शोधण्याचे कारण नाही. शर्यतीच्या जगात तो आदरच होता. प्रश्न पैशाचा आहे. आजोबांच्या खर्चाने वाचणारी पिढी उभी राहिली. नातवाच्या खर्चातून वॉरन प्लेस उभे राहिले. दोन्ही खर्च अखेर एकाच रयतेच्या साऱ्यातून आले होते. मे १९४९ मध्ये बडोदे मुंबई राज्यात विलीन झाले, १९५१ मध्ये भारत सरकारने प्रतापसिंहरावांना पदच्युत केले. 'सयाजीराव' घोडा मात्र पैदाशीच्या कामी आला. १९६४ ची सेंट लेजर जिंकणारा 'इंडियाना' त्याचाच. आजोबांचे नाव इंग्लंड-आयर्लंडच्या अश्ववंशावळीत राहिले.

आणि ब्रिट? बारगिराने पुढची चाकरी पाहिली. १९४८ मध्ये बडोद्याच्या 'माय बाबू'ने टू थाउजंड गिनीज जिंकली, तेव्हा स्वार होता राजपीपळ्याच्या विजयातला तोच स्मर्क. त्या वर्षीची सेंट लेजर ब्रिटने जिंकली, पण 'ब्लॅक टार्क्विन' या अमेरिकन मालकाच्या घोड्यावर. १९४९ मध्ये 'म्युझिडोरा'वर वन थाउजंड गिनीज आणि ओक्स, १९५२ मध्ये 'फ्रीझ'वर ओक्स, १९५३ मध्ये 'निअरुला'वर टू थाउजंड गिनीज, १९५६ मध्ये 'हनीलाइट'वर पुन्हा वन थाउजंड गिनीज. 'सयाजीराव' धरून इंग्लंडच्या सात क्लासिक शर्यती झाल्या. एप्समची डर्बी तेवढी राहिली. १९५९ मध्ये तो निवृत्त होऊन ऑस्ट्रेलियात परतला, आत्मचरित्र लिहिले, वृत्तपत्रांतून शर्यतींवर लिहीत राहिला, आणि जानेवारी २०१७ मध्ये १०३ व्या वर्षी वारला. ज्या संस्थानाची चाकरी केली ते विलीन होऊन तेव्हा सदुसष्ट वर्षे उलटली होती.

या कारकिर्दीतून आम्हांला तीन गोष्टी दिसतात.

पहिली : बारगिराचे हित मालकाच्या वैभवात असते, पण त्याचे भवितव्य त्या वैभवाशी बांधलेले नसते. राज्य गेले तरी ब्रिटचे हात त्याच्याजवळ होते. मालकी जप्त करता येते, विलीन करता येते. कसब तसे करता येत नाही. मालकाच्या नावाने लिहिलेला इतिहास हे सांगू शकत नाही, कारण त्याच्या दृष्टीने १९५१ ला गोष्ट संपते.

दुसरी : हे कसबही सर्वांना सारखे फळले नाही. विंकफील्डला स्वतःच्या देशात दार बंद झाले. ब्रिटला साम्राज्यभर दारे उघडी होती. इंग्लंडच्या क्लासिक शर्यतींच्या मालकांत राजपीपळा आणि बडोदे ही नावे सापडतात, आगाखानांचे तर अनेकवार. विजेत्या जॉकींच्या यादीत त्या काळात एकही हिंदी नाव नाही. महाराजांच्या पैशाला जो रस्ता मोकळा होता तो महाराजांच्या मोतद्दाराच्या मुलाला नव्हता. वर्ण आणि वर्ग यांचे गणित मैदानाच्या कुंपणापाशी थांबत नाही. स्वातंत्र्यानंतर मात्र पांडू खाडे, वसंत शिंदे, पुढे पेसी श्रॉफ अशा नावांनी मुंबई-पुण्याची मैदाने गाजली. खाडे आणि शिंदे ही आडनावे जॉकीच्या रकान्यात येणे, ही आमच्या मते सामाजिक इतिहासातली नोंदण्याजोगी घटना आहे. तिचा इतिहास मराठीत कोणी सविस्तर लिहिल्याचे आमच्या वाचनात नाही.

तिसरी गोष्ट लेखनाची. ब्रिटने आत्मचरित्र लिहिले म्हणून त्याची बाजू उरली. ज्यांनी पहाटे घोड्यांना खरारा केला, ज्यांनी कसरतीला घोडे फिरवले आणि वजन राखण्यासाठी उपास काढले, त्या माणसांचे काय? मराठीत दलित आत्मकथने आली, कामगार-साहित्य आले, तमाशा-कलावंतांची चरित्रे आली. या प्रत्येकाने मालकीबाहेरच्या माणसाला कर्तेपण दिले. तबेल्यातला माणूस त्या वाटेवर अजून यायचा आहे. महालक्ष्मीच्या मैदानाचा भाडेपट्टा २०१३ मध्ये संपला, आणि २०२४ मध्ये त्यातला मोठा भाग सार्वजनिक उद्यानासाठी घेण्याचे ठरले. उद्यान व्हावे की न व्हावे, हा वेगळा वाद. परंतु जागा बदलते तेव्हा तिथल्या माणसांच्या आठवणीही विखुरतात, आणि मग संशोधकाच्या हाती रेसबुके तेवढी राहतात.

रेसबुकही टाकाऊ नव्हे. ते वाचण्याची रीत मात्र बदलली पाहिजे. घोडा, मालक, प्रशिक्षक, वजन, जॉकी असे त्याचे रकाने असतात. आपली नजर सवयीने पहिल्या दोन रकान्यांवर थांबते. शेवटच्या रकान्यापासून वाचायला आरंभ करावा, एकेका नावाचा माग वर्षानुवर्षे काढावा, आणि तो जिथे तुटेल तिथे पुण्याच्या कॅम्पातल्या व महालक्ष्मीच्या तबेल्यांतल्या वृद्धांना जाऊन विचारावे. मराठीच्या किंवा इतिहासाच्या एखाद्या विद्यार्थ्याने हे काम प्रबंधासाठी घेतले, तर शिलेदारांच्या गर्दीत एका बारगिराची हजेरी लागेल. नाव ज्याचे त्याला परत मिळणे, एवढेच त्याचे फळ. पण चरित्रवाङ्मयाचे प्रयोजन याहून फार वेगळे असते, असे आम्हांला वाटत नाही.